जपमाळेनंतरची दहा मिनिटं: घरात आणि चर्चमध्ये देवाचं काम कसं ओळखायचं

देव रोजच्या जगण्यात काम करतो, हे प्रवचनात प्रत्येकाने ऐकलेलं असतं. पण विरार लोकलमधून चेंगरून घरी आल्यावर, मुलांचा अभ्यास आणि उद्याच्या डब्याची तयारी चालू असताना ते काम नेमकं कुठे पाहायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. मग आपण मोठ्या गोष्टींची वाट पाहत बसतो: ऑपरेशन पार पडलं, व्हिसा मिळाला, अडलेलं लग्न जमलं. अशा गोष्टी वर्षात किती घडणार? बाकीचे दिवस देवाविना गेल्यासारखे वाटतात, आणि त्याचं कारण साधं आहे. ते दिवस कोणी मागे वळून पाहिलेलेच नसतात.

मागे वळून पाहण्याची एक जुनी आणि कसाला लागलेली रीत आहे. येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस (1491–1556) यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या. या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली. त्या पायऱ्या एकट्या माणसासाठी आहेत. चार-पाच माणसांच्या घरात, त्यातही आपल्या किनाऱ्यावरच्या घरात त्या कशा बसवायच्या, ते इथे देत आहोत.

वेळ घड्याळावर नको, कामावर बांधा

“रोज रात्री साडेआठला” असं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात घडी मोडते. एखाद दिवशी गाडी लेट होते, एखाद दिवशी वीज जाते. त्याऐवजी रोज होणाऱ्या एका कामाच्या मागोमाग ही दहा मिनिटं ठेवा. वसईकडच्या बहुतेक कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ (रोझरी) होतेच. ती संपली की कोणी उठायच्या आत सुरुवात करा. जपमाळेनंतर माणसं एकदा पांगली की परत गोळा होत नाहीत, हे पक्कं धरून चाला.

मासेमारी करणाऱ्या घरांचा हिशेब वेगळा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे होडी सुटण्याची वेळही सरकते. घरधनी रात्री समुद्रावर आणि घरधनीण पहाटे बाजारात, अशा घरात “रात्री झोपण्यापूर्वी” याला काही अर्थ नाही. तिथे मासळी विकून झाल्यावरचं जेवण हीच दिवसाची अखेर धरा, मग ती दुपारी का असेना. कालच्या जेवणापासून आजच्या जेवणापर्यंत एक दिवस.

प्रॉटेस्टंट घरांत जपमाळ नसते. तिथे कौटुंबिक उपासनेतल्या शेवटच्या गीतानंतर ही जागा आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन त्यासाठी छान. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे (जन्म 1861), आणि त्यांची भजनं घरात टाळ-पेटी नसली तरी म्हणता येतात.

सामान फार लागत नाही. एक शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. दोरा हवाच, नाहीतर पेन मुलांच्या दप्तरात जातं. पानावर तीन रकाने आखा: तारीख, काय घडलं, कोणाच्या हातून. रोज एकाने लिहायचं, आणि तीन ओळींपेक्षा जास्त नाही.

पाच पायऱ्या

पहिली पायरी आभाराची, दोन-तीन मिनिटं. प्रत्येकाने आजची एकच गोष्ट सांगायची, पण तिच्यात माणूस, वेळ आणि ठिकाण असलं पाहिजे. “आजच्या दिवसाबद्दल देवाचे आभार” हे चालणार नाही. “दुपारी विहिरीचा पंप बंद पडला तेव्हा शेजारच्या अंकलनी पाऊण तास घालवून तो सुरू करून दिला” हे चालेल. मोघम आभार दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच; आठवड्यात त्यांची पोपटपंची होते. नेमकेपणा आला की माणसाची नजर दिवसाच शोधू लागते, कारण रात्री सांगायला काहीतरी लागणार असतं.

दुसरी पायरी अर्ध्या मिनिटाची: प्रभू, माझा दिवस मला तुझ्या नजरेने दाखव. एवढंच, मग शांत. ही पायरी लोक गाळतात, आणि गाळली की पुढची उजळणी म्हणजे नुसती डायरी होते. 139 व्या स्तोत्रातल्या शेवटच्या दोन ओळींत हीच विनंती आहे. कोणाला शब्द सुचत नसतील तर त्या वाचाव्यात.

तिसरी पायरी दिवसाच्या उजळणीची. हिला चार मिनिटं द्या, आणि ती मनातल्या मनात करा. उठल्यापासून आतापर्यंतचे तास क्रमाने डोळ्यांपुढून न्यायचे: सकाळचा चहा, वाडी किंवा स्टेशन, काम, परतीचा रस्ता, संध्याकाळ. दोन ठिकाणी थांबायचं. एक, जिथे मन मोकळं झालं, दुसऱ्याकडे वळलं, हातून सहज चांगलं घडलं. दोन, जिथे मन आवळलं, चिडलं, स्वतःपुरतं झालं. पहिल्या ठिकाणी देवाने काय दिलं ते पाहायचं. दुसऱ्या ठिकाणी तो काय सांगत होता आणि आपण का ऐकलं नाही, ते. दोन्ही ठिकाणी तो होता, हे इथलं मुख्य गृहीत आहे. भांडणाच्या वेळी देव घराबाहेर जाऊन उभा राहत नाही.

चौथी पायरी क्षमेची. नियम एकच: प्रत्येकाने फक्त स्वतःचं सांगायचं. “मी आज आईवर ओरडलो” हे ठीक. “आज हा आईवर ओरडला” हे बंद. ज्याच्याशी बिनसलं तो समोर बसला असेल, तर तिथेच माफी मागून मोकळं व्हा. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, असं पौलाने इफिसकरांना लिहिलंय (4:26), आणि एका छपराखाली राहणाऱ्यांना तर हा सल्ला फारच उपयोगाचा. मात्र गंभीर पापांची कबुली इथे उघड करायची नाही. ती जागा कुमसाराची, म्हणजे धर्मगुरूंपुढच्या पापकबुलीची, आणि वही म्हणजे कुमसाराची यादी नव्हे.

पाचवी पायरी उद्याची. उद्या कुठे अडखळायची शक्यता आहे, एवढंच पाहून एक लहान गोष्ट ठरवायची. “मी शांत राहीन” हा संकल्प टिकत नाही. “सकाळी सात ते साडेसात मोबाईल कपाटावर राहील” हा टिकतो. शेवटी सर्वांनी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं.

जपमाळेतूनच करायचं असेल तर

वेगळी दहा मिनिटं निघतच नसतील तर उजळणी जपमाळेत विणता येते. प्रत्येक दशकाच्या (दहा मण्यांच्या) आधी वीस सेकंद थांबून त्या रहस्याशी, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगाशी, जुळणारी दिवसातली एक गोष्ट आठवायची. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्यं. प्रकाशाची पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये जोडली.

मरिया एलिझाबेथला भेटायला गेली, त्या रहस्याला: आज आपल्याकडे मदतीला कोण आलं, आणि आपण कोणाकडे गेलो? क्रूस वाहण्याच्या रहस्याला कुरेनेकर शिमोन आठवा. तो शेतावरून येत होता, त्याला बळजबरीने क्रूस उचलायला लावलं. घरातली अर्धी सेवा अशीच असते, मनाविरुद्ध गळ्यात पडलेली: सासऱ्यांचं डायपर बदलणं, भावाच्या मुलांना शाळेत सोडणं. मनापासून केली नाही म्हणून ती देवाच्या कामातून वजा होत नाही. शुभवर्तमानकार मार्क तर शिमोनच्या दोन मुलांची नावंही देतो, आलेक्झांडर आणि रूफस. म्हणजे पुढे त्या घराला ख्रिस्ती मंडळी ओळखत होती.

काना गावच्या लग्नाच्या रहस्यापाशी जरा जास्त रेंगाळा, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. तिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. सहा दगडी रांजण, एकेकात आजच्या मापाने साधारण ऐंशी ते सव्वाशे लिटर पाणी. ते कोणीतरी भरलं. योहान नेमकं सांगतो: द्राक्षारस कुठून आला हे भोजनप्रमुखाला कळलं नाही, पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होतं (2:9). नवऱ्या मुलालाही त्याची खबर असल्याचं दिसत नाही. मांडवातल्या मानाच्या खुर्चीवरून देवाचं काम दिसलं नाही, रांजणापाशी दिसलं. म्हणून घरात ज्याला “मला तर कुठे देव दिसत नाही” असं वाटतं, त्याला आधी प्रवचन देऊ नका, काम द्या. आठवडाभर आजीला गोळ्या वेळेवर देण्याचं काम कॉलेजातल्या नातवाकडे सोपवा. शनिवारी त्याला वहीत लिहायला सांगा. बहुतेक वेळा त्याची ओळ घरातल्या भक्तिमान माणसापेक्षा चांगली असते.

चर्चमध्ये

रविवारच्या मिस्सेसाठी (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी) तयारी शनिवारी रात्री. शुभवर्तमानाचा उतारा मोठ्याने एकदा वाचा, पाच मिनिटं पुरतात. मुलांना सकाळी ओळखीचं काहीतरी कानावर पडतं. वहीतून आठवड्यातली एक ओळ निवडा आणि अर्पणविधीच्या वेळी, भाकर व द्राक्षारस वर नेले जात असताना, ती मनाने वेदीवर ठेवा. अर्पणाच्या प्रार्थनेतच भाकर ही भूमीचं आणि मानवी श्रमाचं फळ म्हटली आहे. वाडीतली केळी, जाळ्यातली मासळी, ऑफिसातला कंटाळवाणा हिशेब, सगळं त्यात बसतं. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, जपानात मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून राबले आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले. 1862 मध्ये ते संत घोषित झाले. ते धर्मगुरू नव्हते. आपल्याकडे अजूनही “देवाचं काम” म्हटलं की फादर आणि सिस्टरच आठवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

परत येताना रिक्षात किंवा चालताना एकच प्रश्न विचारा: आज कोणतं वाक्य अडकून राहिलं? “प्रवचन कसं होतं” हा प्रश्न टाळा. त्यातून फादरांची परीक्षा सुरू होते आणि घर येईपर्यंत मिस्सा विसरलेली असते.

धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरात, देवाचं काम पाहायचं तर सणाच्या दिवशी पाहू नका. सणाला बँड, रोषणाई, पाहुणे, सगळंच उजळलेलं. आडदिवशी पाहा. पहाटेच्या मिस्सेआधी दार कोण उघडतं, वेदीवरची कापडं कोण धुऊन इस्त्री करतं, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन कोण जातं, भर पावसात कबरीचा खड्डा कोण खणतं. आळीत मयत झालं की शेजारून चहा-जेवण येतं, वर्षानुवर्षं अबोला असलेली माणसंही दारात येऊन उभी राहतात. अशा दिवसानंतरच्या रविवारी त्या कुटुंबाला विचारून, विश्वासू जनांच्या प्रार्थनेत नेमक्या कारणासाठी आभार माना. छापील प्रार्थना वाचून टाकण्यापेक्षा हे दहापट बरं. छोट्या समूहाच्या बैठकीतही पहिली दहा मिनिटं अशाच एका-दोन गोष्टींना द्या, निधीचा विषय त्यानंतर. उलटा क्रम ठेवला तर निधीतच साडेनऊ वाजतात.

काय बिघडतं आणि का

लांबण हे सर्वात नेहमीचं कारण. दहाची पंचवीस मिनिटं झाली की दुसऱ्या आठवड्यात मुलं जपमाळेच्या वेळीच गायब होतात. घरातलं वडीलधारं माणूस बोलायला लागलं की थांबत नाही, ही कोकणातली जुनी गोष्ट. म्हणून प्रत्येकी दोन वाक्यं हा नियम आजोबांनाही लागू. सहा वर्षांखालच्या मुलाला एकच प्रश्न: “आज तुला कोणी मदत केली?” पंधरा-सोळाच्या मुलामुलींना “आज नको” म्हणायची मुभा द्या आणि त्यावर टोमणा मारू नका. बसले आहेत, एवढं पुरे.

दुसरं, ही वेळ आईबाबांची चौकी होणं. मार्क, मोबाईल, उशिरा येणं हे विषय इथे काढले की मुलं खोटं आणि गोड बोलायला शिकतात. त्यासाठी दुसरी वेळ शोधा.

तिसरं जास्त अवघड आहे: सोयीची प्रत्येक गोष्ट देवाच्या खात्यावर मांडणं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, आभार माना, काही बिघडत नाही. पण त्यावरून देव माझ्यावर खूश आहे असा निष्कर्ष काढू नका. समोर उभी राहिलेली बाईही त्याचीच लेक आहे. ताडून पाहायचं तर गलतीकरांसच्या पत्रातली नऊ फळं घ्या (5:22-23): प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. त्या घटनेनंतर घरात यातलं काय वाढलं? काहीच वाढलं नसेल आणि फक्त बढाई वाढली असेल, तर वहीत लिहायची घाई नको.

याचाच वाईट भाऊ म्हणजे “देवाची इच्छा” हा शब्द वाद मिटवायला वापरणं. वाडी बिल्डरला द्यायची की ठेवायची, यावर भावाभावांत बोलणं चालू असताना ज्याला देवाची इच्छा आधी कळते, तिचा फायदाही बहुधा त्यालाच होतो. अशा निर्णयाला इग्नेशियस यांची रीत वापरा. विकण्याची आणि न विकण्याची कारणं दोन पानांवर वेगळी लिहा. अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला असता तर त्याला काय सांगितलं असतं? मरणाच्या दारात उभं राहून मागे पाहताना कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल? घाई नसेल तर काही दिवस रोजच्या उजळणीत हा प्रश्न ठेवा. आणि त्यांचा नियम पाळा: मन कोरडं, उदास, अस्वस्थ असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, हा नियम कोळीवाड्यात फार कामाचा आहे. एकसष्ट दिवस हाती पैसा नसतो, माणसं घरात एकमेकांच्या अंगावर येतात, आणि होडी विकण्यापासून वेगळी चूल मांडण्यापर्यंतचे निर्णय याच काळात डोक्यात घोंगावतात. ते वहीत लिहून ठेवा, होड्या सुटल्यावर पुन्हा वाचा.

मारहाण, दारूपायी होणारी हिंसा, मुलांचा छळ, आत्महत्येचे विचार यांना “आपला क्रूस” म्हणून गप्प बसायला सांगणं हे पाप आहे, सरळ शब्दांत. तिथे पाच पायऱ्या नाहीत, मदत आहे: तातडीने 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, मनाच्या त्रासासाठी 14416. त्या रात्री ज्या शेजारणीने दार उघडलं, देव तिथे होता.

कोरडे दिवस येणारच. काही दिसलं नाही तर वहीत तसंच लिहा: “आज काही दिसलं नाही.” तारीख घाला. जागा रिकामी सोडू नका आणि काहीतरी भक्तिमान रचून भरू तर मुळीच नका. येशूच्या पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांना प्रभू बरोबर चालत असताना ओळखता आला नाही. भाकर मोडल्यावर ओळखला, आणि वाटेत काळीज पेटलं होतं हे त्यानंतर आठवलं (लूक 24). आठवड्याने परत वाचताना कोऱ्या दिवसाच्या ओळीपुढे पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या हाताने भर पडते: “त्या दिवशी तूच तर मला दवाखान्यात नेलंस.” म्हणून रविवारी दुपारी, जेवणानंतर सुस्ती चढायच्या आत, आठवड्याची पानं मोठ्याने वाचायची. तिसऱ्या रकान्यात महिनाभर एकाच माणसाचं नाव येत असेल, तर त्या घरात तो माणूस दमतोय. कामं वाटून घ्या.

उलट, एखाद्याला चौथ्या पायरीवर रोज तेच अपराध छळत असतील, माफी मागूनही समाधान होत नसेल, तर त्याने ती पायरी काही काळ बंद ठेवावी आणि एकाच, कायमच्या धर्मगुरूंशी बोलावं. दर शनिवारी वेगळ्या फादरांकडे गेल्याने हा त्रास वाढतो.

घरातलं माणूस लांब असेल तर

आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक आळीत कोणी ना कोणी आखातात किंवा जहाजावर असतंच. दुबईची वेळ आपल्यामागे दीड तास, कुवेत-कतारची अडीच तास. आपल्याकडे नऊ वाजता तिथला माणूस अजून कामावर किंवा बसमध्ये असतो. व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका, त्यात जेवलास का आणि पैसे कधी येतील यातच वेळ जातो. त्याने सवडीने अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा: आजची एक गोष्ट, माणूस-वेळ-ठिकाणासह. तो पहिल्या पायरीला सर्वांसमोर लावायचा आणि त्याची ओळ वहीत त्याच्या नावाने चढवायची. जहाजावर नेटवर्क नसेल तर त्याने स्वतःच्या छोट्या वहीत लिहावं आणि पुढच्या बंदरात पानांचे फोटो पाठवावेत. घरच्यांनी ते तारखेप्रमाणे आपल्या वहीत उतरवून घ्यावेत. त्यासाठी रोजच्या पानावर खाली दोन ओळी आधीपासूनच मोकळ्या सोडा.